आठ किलो वाळूचं प्रकरण

नागरिकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा कार्यालयाने त्यांवर गांभीर्याने विचार केला आणि प्रतीक्षालयात खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी बसवायचं ठरवलं. पोहणारा मासा पाहिला की माणसाचा राग शांत होतो, असं साहेबांना त्यांच्या दातांच्या डॉक्टरने सांगितलं होतं, आणि त्या दिवशी साहेबांची दाढ खरोखरच कमी दुखली होती. खिडक्यांवरची माणसं वाढवणं हाही एक उपाय होता, पण त्याला माणसं लागली असती.

काम आलं भांडारपालाकडे. हा गृहस्थ बावीस वर्षं भांडार सांभाळत होता, आणि या बावीस वर्षांत सही घेतल्याशिवाय त्याच्या दाराबाहेर टाचणीसुद्धा गेली नव्हती. लोक पाठीमागे त्याला 'कुलूप' म्हणत. ते त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात आवडायचंही.

टाकी आली, पंप आला, मीठ आलं, आणि एका सोमवारी शोभेच्या माशांचा दुकानदार स्वतः मासा घेऊन आला. बोटभर लांबीचा, पिवळाधमक, डोळ्यांत नुसता प्रश्न. सोबत दुकानदाराने एक पिशवीही आणली होती. तीत शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू होती, आठ किलो.

"ही माझ्याकडून," दुकानदार म्हणाला. "याच वाळूत वाढलाय तो. दिवा गेला की वाळूत शिरून झोपतो. वाळू नसली तर तळाशी तोंड आपटत बसतो बिचारा. फार दिवस काढत नाही मग."

"मागणीपत्र नाही," भांडारपाल म्हणाला.

"अहो, फुकट देतोय."

"फुकटच्या वस्तूला तर रकानाच नाही."

त्याने पिशवीवर लाल शाईने 'परत' असं लिहिलं, खाली सही-तारीख टाकली आणि ती दुकानदाराच्या हातात ठेवली. चार दिवसांत रीतसर वाळू मागवू, त्यात काय मोठंसं! तोवर मासा भांडारातल्या टेबलावर एका छोट्या काचपेटीत राहील असं ठरलं. पेटीचा तळ अर्थातच कोरा होता.

आता, नियमपुस्तकात वाळू हा शब्द एकाच ठिकाणी सापडला, तो म्हणजे बांधकाम साहित्यात. तेव्हा फाइल अभियंत्याकडे गेली. अकराव्या दिवशी उत्तर आलं की वाळू स्वच्छ धुतलेली असावी, तीत मिठाचा अंश व शिंपले अजिबात नसावेत, ती गिलाव्याला योग्य असावी आणि एका ट्रकपेक्षा कमी मागवू नये. भांडारपालाने नम्रपणे कळवलं की वाळू खाऱ्या पाण्यात घालायची आहे, शिंपल्यांचीच हवी आहे आणि आठ किलो पुरे. अभियंत्याने त्यावर मार्ग सुचवला. टाकीतलं पाणी गोडं केल्यास बांधकाम शाखेची वाळूला हरकत राहणार नाही, असं त्याने लिहिलं. मासा खाऱ्या पाण्यातला असल्यास तो बदलून घ्यावा.

दरम्यान रोज संध्याकाळी साडेसहाला कार्यालयाचे दिवे बंद होत आणि काचपेटीतून टक्-टक् असा आवाज सुरू होई. मासा डोकं खाली करून तळात घुसायला बघायचा. काच काही जागा देत नव्हती. पहिल्या दिवशी भांडारपालाला वाटलं, घड्याळ असेल. तिसऱ्या दिवशी माशाच्या ओठावर पांढरा डाग दिसला. त्या रात्री भांडारपालाने भांडारातला दिवा चालूच ठेवला, म्हणजे रात्र झाली हे माशाला कळणारच नाही. 'जाताना दिवे बंद करा' हे परिपत्रक त्यानेच दारावर चिकटवलं होतं. त्याच्याखालून तो चोरासारखा बाहेर पडला. बावीस वर्षांतला हा त्याचा पहिला गुन्हा. एवढं धाडस असलेल्या माणसाने मूठभर वाळू टाकायला काय हरकत होती, असं कुणी म्हणेल. पण वाळू नोंदवहीत दिसते, उजेड दिसत नाही.

टक्-टक् मात्र उजेडातही थांबली नाही. झाडू मारणाऱ्या मावशींनी एकदा विचारलं, चार मुठी वाळू आणून टाकू का? त्याने विचारलं, कुठली वाळू, दाखला आहे का? मावशींनी माशाकडे पाहिलं, मग याच्याकडे पाहिलं आणि झाडू उचलून गेल्या. हा मात्र दिवसभर अस्वस्थ राहिला.

शेवटी वाळू निवड समिती नेमली गेली. तीत अभियंता होता, ग्रंथपाल होता (माशांवरचं एकमेव पुस्तक त्याच्याकडे होतं) आणि सचिव म्हणून भांडारपाल. तीन दुकानांतून चिमूट-चिमूट नमुने आले. पहिली वाळू इतकी बारीक की पाण्यात पडताच धुरळा उठला आणि समितीला पाणीच दिसेना. दुसरी इतकी जाड की तीत शिरण्यासाठी माशाला पहार द्यावी लागली असती. तिसरी समितीच्या मनात भरली. ग्रंथपालाने पुस्तकात पाहून सांगितलं की व्हिनेगरमध्ये टाकल्यावर फेस आला तर वाळू शिंपल्यांची समजावी. कँटीनमधून ग्लासभर व्हिनेगर आणून नमुना त्यात टाकला. फसफसून फेस आला, समितीने टाळ्या वाजवल्या आणि शनिवार असल्याने सगळे घरी गेले. सोमवारी पाहतात तो वाळू पार विरघळलेली आणि ग्लासात गढूळ व्हिनेगर तेवढं उरलेलं.

'नमुना उत्तीर्ण, परंतु उपलब्ध नाही,' असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. नमुना भांडाराच्या ताब्यातून नाहीसा झाल्यामुळे भांडारपालाने भांडारपालाला खुलासा मागितला. खुलासा त्याने त्याच दिवशी दिला. तो समाधानकारक वाटला नाही, म्हणून स्वतःला स्मरणपत्र पाठवलं.

घरी जेवताना तो नुसता भात चिवडत बसला. बायकोने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "वाळू घालू नका, असं कुणी म्हटलंय का तुम्हाला?"

"नाही. पण घाला, असंही कुणी म्हटलेलं नाही."

"मासा म्हणतोय की रोज," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

एकेचाळिसाव्या दिवशी मंजुरी आली. तिसऱ्या नमुन्याची वाळू, आठ किलो, तातडीने. मंजूर झालेलं दुकान नेमकं त्या मासे विकणाऱ्याचंच निघालं. भांडारपाल स्वतः धावत गेला. दुकानदाराने फळीखालून पिशवी काढून दिली. तिच्यावर लाल शाईत 'परत' असं लिहिलेलं होतं, खाली सही आणि तारीख. अक्षर मोठं वळणदार होतं. दुकानदाराने फक्त मासा कसा आहे, एवढंच विचारलं. बरा आहे, म्हणत याने पिशवी छातीशी धरली आणि परत पळत सुटला.

भांडाराच्या दारात मावशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि कपात मासा होता, आडवा. त्याचा ओठ पार सोलून निघाला होता. भांडारपाल आठ किलो वाळू मांडीवर घेऊन खुर्चीत बसला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा कार्यालयीन वेळेत रडला.

"मी त्या दिवशी वाळू टाकायला हवी होती," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला विचारलं, तेच चुकलं."

साहेबांपुढे अडचण वेगळीच होती. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. नवा मासा आणायचा तर आधी जुन्याच्या मृत्यूचा अहवाल, त्यावर चौकशी, मग जबाबदारी निश्चित करणं आलं. साहेबांनी फाइल उघडून दुकानदाराचं म्हणणं दोनदा वाचलं आणि विचारलं, "हा मासा वाळूत शिरून बसतो, असं तुम्हीच नोंदवलंय ना?"

"हो, साहेब."

"मग तो दिसायलाच हवा, असा हट्ट कशाला?"

पाटी भांडारपालाने स्वतः लिहिली, त्याच वळणदार अक्षरात. 'मासा वाळूत आहे. कृपया वाट पाहा.'

टाकी फार छान दिसते. पांढरीशुभ्र वाळू, निळा उजेड, वर बुडबुडे. प्रतीक्षालयातल्या तक्रारी निम्म्यावर आल्या आणि इतर कार्यालयं आता तशीच टाकी मागताहेत. गेल्या बुधवारी तुम्हीही आला होतात. साडेतीन तास बसलात. मुलाला उचलून टाकी दाखवलीत, काचेवर टिचकी मारलीत, आणि एकदा तर वाळू हलली म्हणून शेजाऱ्याला कोपरानं डिवचलंत. मग खिडकी बंद झाली आणि तुम्ही, उद्या नक्की दिसेल, असं पोराला समजावत घरी गेलात.

भांडारपाल दारातून हे सगळं पाहत होता. तुम्हाला खरं सांगावं, असं त्याच्या फार मनात होतं. सांगू नका, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. पण सांगा, असंही कुणी म्हटलं नव्हतं. आणि तुम्ही काही विचारलं नाहीत.