हवालदाराचं वजन

“हलू नका. श्वाससुद्धा घेऊ नका,” जमिनीवर गुडघे टेकून मास्तरीणबाई म्हणाल्या.

“श्वास घेतला नाही तर मी मरेन, आणि हे कासव तुझ्या डोक्यात पडेल,” मास्तर म्हणाले. ते वजनकाट्यावर उभे होते. त्यांच्या कवेत परातीएवढं कासव होतं आणि त्या कासवाचे चारही पाय हवेत सावकाश चालत होते.

“आकडा दिसत नाहीये. मध्ये काहीतरी येतंय. जरा मागे झुका... हां. एकशे तीन!”

“माझे बहात्तर वजा कर.”

“एकतीस,” मास्तरीणबाई हताशपणे उठल्या. “अहो, परत एक किलोने वाढलं! फळं बंद केली तरी वाढलं!”

मास्तर म्हणजे शिवणकामाचे मास्तर. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर आणि घरामागे भिंतीने बंद केलेलं अंगण. त्या अंगणात हे कासव राहायचं. ते मूळचं मास्तरीणबाईंच्या वडिलांचं. रोज सकाळी ते भिंतीच्या कडेकडेने अख्ख्या अंगणाला फेरी मारायचं, फाटकापाशी थांबून दोन्हीकडे बघायचं आणि मग पुढे निघायचं. म्हणून वडिलांनी त्याचं नाव ठेवलं होतं हवालदार. वडील गेले तेव्हा मास्तरीणबाईंच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे, अंगण नव्हतं. हवालदाराची बदली इकडे झाली. आता दादाने गावाबाहेर मोठं घर बांधलं होतं, मोकळ्या जागेसकट. फोनवर तो दर वेळी म्हणायचा, “नीट सांभाळता येत नसेल तर सांग. गाडी घेऊन येतो.” हे ऐकलं की मास्तरीणबाई घाईघाईने फोन ठेवायच्या. वडिलांचं म्हणून आता एवढंच उरलं होतं, आणि वडील घालायचे तशी शीळ घातली की ते अजूनही मान वर करायचं.

वडिलांनी हवालदाराचे लाड मात्र भलतेच केले होते. पपई, केळी, कलिंगड, दुधात बुडवलेला पाव. एवढ्या पाहुणचाराने त्याच्या पाठीवर टेंगळं आली होती. ती बघायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, हे गवत खाऊन जगणारं जनावर आहे. फळं बंद, पाव बंद. गवत, रानपाला, जास्वंदीची फुलं भरपूर द्या, उन्हात फिरू द्या, अधूनमधून कोमट पाण्यात बसवा. आणि दर रविवारी वजन करा. या वयात ते वाढता कामा नये.”

काट्यावर कासव नुसतं ठेवलं की आकडा त्याच्या पोटाखाली झाकला जायचा. तेव्हा मास्तरांनी त्याला कवेत घेऊन उभं राहायचं आणि एकूण आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचं, असं ठरलं. मास्तरांचं वजन बहात्तर होतं. लग्नात बहात्तर होतं आणि त्यानंतर ते बदलल्याचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं. अलीकडे त्यांनी स्वतःच्या सगळ्या पँटी कमरेत उसवून सैल केल्या होत्या, पण तो दोष कापडाचा होता. कापड आटतं. हे शिंप्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?

आता हवालदाराची फळं बंद झाली, पण घरात आलेल्या फळांचं करायचं काय? अन्न टाकायचं नाही, हा मास्तरीणबाईंच्या माहेरचा कडक नियम. पपई मास्तरांच्या ताटात आली. केळी आली. रोजचा पाव आला, दुधासकट.

“मला नको गं एवढं,” मास्तर म्हणायचे.

“मग काय हवालदाराला देऊ? डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?”

एका मुक्या जनावराच्या तब्येतीचा प्रश्न होता. मास्तर खायचे.

पुढच्या रविवारी काटा एकशे पाचवर गेला, म्हणजे हवालदार तेहेतीस. मग लाल भोपळा आणि गाजरं बंद झाली. तीही मास्तरांकडे वळली, भोपळा तर गूळ घालून. त्यानंतर काटा आणखी वर चढला, तेव्हा पाल्याची टोपली अर्धी झाली. पाला मात्र मास्तरांनी साफ नाकारला. कुठेतरी माणसाने थांबायला हवं.

“जड झालाय हे खरंच,” दर रविवारी हवालदाराला खाली ठेवताना मास्तर धापा टाकत सांगायचे. “पूर्वी मी याला सहज उचलायचो. आता दम लागतो.”

हा तर पुरावाच झाला. मास्तरीणबाईंनी कंबर कसली. “कोणीतरी चोरून खायला घालतंय याला.”

“कोण घालणार?”

“पलीकडच्या काकू! भिंतीवरून साली टाकतात.”

काकूंनी आयुष्यात एकदाच, तीही वाऱ्याने उडालेली, काकडीची साल या अंगणात पाठवली होती. पण मास्तरीणबाईंनी भिंतीपाशी जाऊन त्यांना चार शब्द सुनावले. काकूंनी आठ सुनावले. “मी माझ्या नवऱ्याला विचारून वाढत नाही, तुझ्या कासवाला कशाला वाढू?” असं म्हणून त्यांनी भिंतीवर वाळत घातलेल्या गाद्या काढून नेल्या आणि बोलणं बंद केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं.

काकू बोलायच्या बंद झाल्या, पण काटा बोलतच राहिला. मग पहारा बसवायचं ठरलं. मास्तरांनी शिवणयंत्र उचलून मागच्या ओट्यावर आणलं. दिवसभर तिथे बसून शिवायचं आणि हवालदारावर नजर ठेवायची. पूर्वी ते दुकानात उभ्याने कापड बेतायचे, गिऱ्हाइकांची मापं घ्यायला उठायचे, धागा आणायला बाजारात जायचे. आता ते हललेच नाहीत. पहाऱ्यावरच्या माणसाला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून मास्तरीणबाई तासातासाला बशी आणून ठेवू लागल्या.

पहाऱ्यात चोर सापडला नाही. पण हवालदाराने मात्र एक गुन्हा केला. एका बाईंचा पिवळा घागरा शिवून यंत्राच्या कडेला लोंबत होता. हवालदार गस्त सोडून आला, मान लांब केली आणि घागऱ्याची कड फूल समजून चावायला लागला. मास्तरांनी एका बाजूने ओढलं, त्याने दुसऱ्या बाजूने. घागरा वीतभर आखूड झाला.

“बघितलंस? वजन वाढतंय तरी भूक भागत नाही याची! हावरट आहे,” मास्तर म्हणाले.

“वाढतंय तरी भूक? मला काही कळेनासंच झालंय हो,” मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

डॉक्टरीणबाईंनाही काही कळेना. “नुसत्या गवतावर? तेही अर्ध्या? अशक्य आहे. बरं, पोटात अंडी तर नसतील?”

“अंडी? पण हा हवालदार आहे!”

“कोणी बघितलंय का नीट?”

फोन ठेवून मास्तरीणबाई अंगणात हवालदाराजवळ गेल्या. “बाबा जन्मभर ‘अरे’ म्हणत राहिले,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि आपण गरोदर बाईला उपाशी ठेवलं की काय?”

“म्हणजे आता जास्त खायला द्यायचं की कमी?” मास्तरांनी विचारलं.

घोळ इथवर घरातच होता. पण मास्तरीणबाईंनी न राहवून दादाला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादा टेम्पो घेऊन दारात हजर झाला. येताना त्याने मागे गवताचा गादीसारखा थर घातला होता. तो कशासाठी होता हे विचारायची मास्तरीणबाईंची हिंमत झाली नाही.

“आधी डॉक्टरकडे जाऊ,” दादा म्हणाला. “मग ठरवू.”

निघण्याआधी मास्तरांनी हवालदाराला शेवटचं काट्यावर घेतलं. एकशे आठ. बहात्तर वजा जाता छत्तीस.

दवाखान्यात भिंतीकडेच्या बाकांवर माणसं कुत्री-मांजरं घेऊन बसली होती. डॉक्टरीणबाईंनी हवालदाराला उलटंपालटं करून बघितलं, पोटाचा एक्स-रे काढला आणि बाहेर येऊन सांगितलं, “अंडीबिंडी काही नाही. नर आहे. घ्या, इथे ठेवा याला.”

कोपऱ्यात जमिनीलगत मोठा चौकोनी काटा होता, आकडा वर भिंतीवर उमटणारा. हवालदार त्यावर बसला. सगळ्यांनी माना वर केल्या.

“सव्वीस,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“छत्तीस असेल,” मास्तर म्हणाले.

“सव्वीस आहे. आणि हे वाढलेलं नाही, उतरलेलं आहे. मान बघा, पाय बघा, कातडी कशी लोंबतेय. हा उपाशी आहे हो!”

मास्तरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या काट्याजवळ खाली बसल्या आणि हवालदाराच्या पाठीवर हात ठेवून रडायलाच लागल्या. “बाबांचा हवालदार मी उपाशी ठेवला. मागत होता बिचारा, कापड खात होता, आणि मी त्याला हावरट म्हटलं.”

हावरट मास्तरांनी म्हटलं होतं, पण ती दुरुस्ती करण्याची ही वेळ नव्हती.

“रडू नकोस,” दादा म्हणाला. त्याचा आवाज कडक नव्हता, त्यामुळे ते ऐकायला जास्तच वाईट वाटलं. “तुझा जीव आहे त्याच्यावर, मला माहितीये. पण तुला नाही जमत हे. मी नेतो त्याला.”

“पण दहा किलो गेले कुठे?” डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. “घरचा काटा बिघडलाय का तुमचा?”

इथे मास्तरांना सुटायला दार उघडं होतं. काटा बिघडलाय एवढंच म्हणायचं. काट्याला काही अब्रू नसते. त्यांनी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात त्यांना पपई आठवली. मग केळी आठवली. मग गुळातला भोपळा, पाव, दूध आणि तासातासाच्या बशा एकामागून एक आठवत गेल्या, आणि शेवटी आटलेल्या पँटी आठवल्या. त्यांनी खाली बसलेल्या बायकोकडे बघितलं. तिला रडताना त्यांनी सासरे गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आज.

मास्तरांनी चपला काढल्या. गळ्यातली मापाची टेप काढून बाकावर ठेवली. खिशातली कात्री काढून टेपेजवळ ठेवली.

“हे काय करताय?” दादाने विचारलं.

“हवालदाराला जरा बाजूला घ्या. घरी मी माझे बहात्तर वजा करायचो,” मास्तर म्हणाले आणि भरल्या दवाखान्यात एकटे काट्यावर चढले.

भिंतीवर ब्याऐंशी उमटलं.

एका मांजराच्या मालकाने बोटांवर हिशोब केला आणि तो आधी हसला.

“हिचं काही चुकलं नाही, दादा,” मास्तर काट्यावरूनच म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “हिने आकडा बघूनच याचं खाणं तोडलं. मी बहात्तर सांगत गेलो. त्याचं बंद केलेलं सगळं मी खाल्लं, मी वाढलो, आणि वाढ याच्या नावावर लागली. मग याचं आणखी बंद झालं, तेही मीच खाल्लं.”

दादाने मेहुण्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हवालदाराकडे बघितलं. मग त्याला जे हसू फुटलं, ते त्याला भिंतीला टेकूनच आवरावं लागलं.

“हवालदार राहू दे गं तुझ्याकडे,” तो डोळे पुसत म्हणाला. “गवत उतरवून घे टेम्पोतलं, त्याला होईल. कोणाला नेऊन त्याचा खुराक तोडायचाच असेल तर मास्तरांना नेतो.”

“त्यांनासुद्धा इथेच राहू दे,” मास्तरीणबाई पदराने नाक पुसत म्हणाल्या. “त्यांचं मी बघते.”

आणि त्यांनी बघितलं. हवालदाराला गवताचा भारा, पाल्याची भरलेली टोपली आणि जास्वंदीची फुलं सुरू झाली. मास्तरांना काकडी सुरू झाली. शिवणयंत्र दुकानात परत गेलं. घागरेवाल्या बाईंना नवा घागरा आणि भिंतीपलीकडच्या काकूंना माफी मिळाली. काकूंनी ती आढेवेढे घेऊन स्वीकारली आणि गाद्या परत भिंतीवर आल्या. रोज सकाळी हवालदार अंगणाची फेरी मारायचा तेव्हा मास्तर मागून चालायचे. फाटकापाशी दोघेही थांबायचे, दोन्हीकडे बघायचे आणि पुढे निघायचे.

रविवार आला. मास्तरीणबाईंनी काटा मांडला.

“मी काही आता काट्यावर चढणार नाही,” मास्तर म्हणाले.

“तुमच्यावर विश्वास आहे कोणाचा? या खेपेला मी उभी राहते. द्या त्याला माझ्याकडे.”

मास्तरीणबाई काट्यावर चढल्या. मास्तरांनी हवालदाराला उचलून त्यांच्या कवेत दिलं आणि स्वतः गुडघे टेकून आकडा बघायला वाकले. काट्यावर एकोणनव्वद दिसत होतं.

“माझे अठ्ठावन्न वजा करा,” वरून आवाज आला.

मास्तर तसेच वाकून राहिले. बायकोचे कपडे तेच शिवायचे. गेल्या वर्षभरात कुठल्या कपड्याची कुठली शिवण उसवून आतलं राखीव कापड किती सोडलं, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. त्यांनी मनातल्या मनात बासष्ट वजा केले.

“सत्तावीस,” ते म्हणाले. “छान सुधारतोय.”

“आणि काटा किती दाखवतोय?”

“पंच्याऐंशी.”

“बघा, माझं वजन कसं तसंच्या तसं आहे,” मास्तरीणबाई समाधानाने म्हणाल्या. “तुमच्यासारखं नाही.”

“छे, छे,” मास्तर घाईघाईने उठले. त्यांनी काट्यावरून हवालदाराला उतरवून घेतलं, अंगणात नेलं आणि त्याच्यापुढे जास्वंदीचं एक फूल जास्त ठेवलं.