पाच गुणांचा माणूस

शाखाप्रमुख झाल्यावर हेडक्लार्कला तीन गोष्टी मिळणार होत्या: दार असलेली खोली, त्या दाराबाहेर थांबणारे लोक आणि त्यांना थांबवून ठेवण्याचा अधिकार. पगारवाढ किरकोळ होती. पण बावीस वर्षं दुसऱ्यांच्या दाराबाहेर उभं राहिलेल्या माणसाला पगाराचं काय एवढं!

मधे आडवी आली ती व्यक्तिमत्त्व चाचणी. साहेब कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना माणसं पारखण्याचं शास्त्रच घेऊन आले. एक प्रश्नावली उमेदवारानं भरायची. तशीच दुसरी त्याच्याबद्दल घरच्या माणसानं भरून, पाकीट चिकटवून द्यायची. दोन्ही जुळल्या पाहिजेत.

मेहुणी मानसशास्त्र शिकत होती. हेडक्लार्कनं तिला गाठलं.

"भाऊजी, सिद्धांत ढीगभर आहेत. कुणी म्हणतं माणूस बालपणातच घडतो, कुणी म्हणतं मनात दडपलेलं त्याला नाचवतं. तुमच्या साहेबांचा सिद्धांत पाच गुणांचा. नव्याची आवड, शिस्त, मोकळेपणा, गोडवा आणि शांत डोकं."

"पाचही आहेत माझ्यात."

"ताईला विचारू?"

"तिथंच तर घोडं अडलंय!"

"आणि हे गुण मोठेपणी सहसा बदलत नाहीत, बरं का."

"मी तीन दिवसांत बदलून दाखवतो."

स्वतःच्या प्रश्नावलीत त्यानं पाचही गुण काठोकाठ भरले. बायकोला खोटं लिही म्हणण्याची सोय नव्हती. ती खरंच लिहिणार. तेव्हा तसं वागणंच भाग होतं.

रविवारी त्यानं स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. बायकोला संध्याकाळपर्यंत साखर सापडली नाही. जिन्यात भेटेल त्याची तो ख्यालीखुशाली विचारू लागला. तळमजल्यावरचा शिंपी मागच्या दारानं ये-जा करू लागला. सासूला आपणहून फोन केला, तर ती रडायलाच लागली. "खरं सांगा जावईबापू, काय झालंय माझ्या मुलीला?" तिसऱ्या दिवशी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर बायकोच्या हातून चहा सांडला.

"असू दे गं," तो हसून म्हणाला, "रंग छान दिसतोय."

बायकोनं हात पुसले आणि तडक प्रश्नावली भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. त्यांचा आवाज नको तितका मऊ होता.

"बसा, बसा. दोन्ही प्रश्नावल्या तंतोतंत जुळल्या."

"मग साहेब, ती खोली..."

"वहिनींनी खाली शेरा लिहिलाय. 'वरील सर्व गुण रविवारपासून दिसू लागले. त्याआधी माणूस ठणठणीत होता. कृपया लक्ष घालावे.' महिनाभर विश्रांती घ्या. सक्तीची आहे."

"अहो साहेब, मी नाटक करत होतो!"

"तेही तज्ज्ञांना कळवतो," साहेबांनी टिपून घेतलं.

पद टंकलेखिकेला मिळालं. तिनं निम्मे प्रश्न कोरे सोडून 'कामं पडली आहेत' असं लिहिलं होतं. साहेबांना त्यात शिस्त दिसली. मेहुणीला प्रबंधासाठी आयता विषय मिळाला.

घरी बसलेला हेडक्लार्क मात्र पूर्ववत झाला. केर कसा काढावा इथपासून फोनवर किती बोलावं इथपर्यंत तो बायकोच्या मागे लागला. नवव्या दिवशी तिनं साहेबांना फोन लावला.

"साहेब, हे अगदी बरे झालेत हो. सकाळपासून चारदा खेकसलेत माझ्यावर. हवं तर लिहून देते."

"वा, उत्तम! पण वहिनी, तज्ज्ञ म्हणतात, महिना पुरा होऊ द्या."

एकीला पद मिळालं, दुसरीला प्रबंध. उरलेले एकवीस दिवस भरले ते खरं लिहिणारीनं.