जिभेनं पारखलेली फरशी

अकोल्याच्या जठारपेठेतले आमचे शेजारी देवरावकाका फरशी जिभेनं पारखतात. टाइल उलटी करायची, फुंकर मारायची आणि मागच्या बाजूला जीभ टेकवायची. जीभ चिकटली की सिरॅमिक. "हे पाणी पेते. पोर्सेलिन पेत नाही," असं म्हणून टाइल शर्टाला पुसून परत ठेवतात.

हे ज्ञान ते न मागता देतात. माझं दुखणं तेच आहे.

हातगाडीवर संत्री विकून मी स्वतःचं दुकान उभं केलं. भाव पाडणं मला कोणी शिकवू नये. गुडघे गेलेली आई वरूडहून कायमची राहायला येणार, म्हणून बाथरूम नवं करायचं होतं. टाइलवाल्याला मी दमवलं. उठून निघालो, त्यानं परत बोलावलं. चकचकीत सिरॅमिकचा भाव माझ्या मनासारखा झाला, आणि सोबत आलेल्या काकांनी जीभ लावली.

"हे भिंतीले घे, गजानन. खाली पोर्सेलिन पायजे, खडबडीत."

"काका, सौदा झाला ना."

"त्याच्यावर तुह्या मायले उभं राहाचं हाय. सौद्याले नाही."

त्यांनी चपला काढल्या, बाटलीतलं पाणी टाइलवर ओतलं आणि सत्तरी ओलांडलेला हा माणूस तिच्यावर एका पायानं उभा राहिला. घसरलाच. मी धरलं. पण टाइलवाल्याला माझी गरज दिसली होती. पोर्सेलिनच्या भावात त्यानं एक रुपया सोडला नाही. तरी खाली तीच बसवली.

आई यायच्या आदल्या दिवशी काका टॉवेल घेऊन दारात.

"पयली आंघोय मी करतो. पडलो त मी पडन."

आत गेले. कडी लावली नाही.

"भाईर उभा राय. बोलत राय."

"काय बोलू?"

"काईबी. तुही काकू होती तवा भाईरून बोलत राहे. आता घरी दोन मग पाणी टाकतो अन् निंगतो."

मला दुसरं काय सुचणार? मी मोडलेला सौदा काढला आणि मनातलं सगळं सुनावलं. आतून पाण्याचा आवाज आणि मधूनमधून "हं".

आई आता त्या फरशीवर भिंत न धरता चालते. काका मात्र दर रविवारी टॉवेल घेऊन येतात, फरशी तपासायला. मी दाराबाहेर स्टूल टाकून बसतो आणि त्यांनी माझा सौदा कसा मोडला, ते पुन्हा पहिल्यापासून सांगतो. राग अजून गेलेला नाही.