उदमांजराची कॉफी आणि अस्वलाची भांडी

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. झाडं होती, झरा होता, मोबाईलला रेंजसुद्धा होती. फक्त कुणाला उसंत नव्हती.

त्या जंगलात त्रिंबकराव नावाचे एक अस्वल राहायचे. सोबत त्यांची बायको कुमुदबाई. मुलं मोठी होऊन आपापल्या डोंगरावर गेली होती.

आता लगेच माझ्याकडे बघून हसू नका. त्रिंबकराव म्हणजे मी नव्हे. माझ्या अंगावर इतके केस नाहीत. होते तेव्हाही ते डोक्यावर होते. पोटाचं साम्य आहे, ते मी नाकारत नाही.

तर रोज संध्याकाळी त्रिंबकराव आणि कुमुदबाई गुहेबाहेरच्या सपाट दगडावर चहा प्यायचे. चहा कुमुदबाई करायच्या. त्रिंबकराव बसायचे. अशी कामाची वाटणी होती.

बोलणं काही फार व्हायचं नाही.

"गार वारा सुटला."

"हं."

"हरणांकडे पाहुणे आलेले दिसतात."

"दिसतात."

एवढंच. पण त्रिंबकरावांचा अख्खा दिवस त्या एवढ्यासाठी असायचा. हे त्यांनी कुमुदबाईंना कधी सांगितलं नव्हतं. अस्वलं असलं काही सांगत नाहीत.

मग थंडी पडली आणि जांभळीखाली एका उदमांजराने कॉफीघर उघडलं. उदमांजराच्या घराण्याचा कॉफीशी जुना संबंध आहे. तो नेमका कसला, हे लहान मुलांच्या गोष्टीत सांगण्यासारखं नाही. मोठेपणी वाचा आणि मग कॉफी प्या, जमली तर.

तिथे एक नवीन पेय मिळायचं. कॉफीत चॉकलेट, वर दूध, त्यावर फेस. उदमांजर त्याला मोका म्हणायचं. साळिंदरांची साळूबाई एकदा कुमुदबाईंना ओढून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी कुमुदबाई आपणहून गेल्या. तिसऱ्या दिवसापासून ते रोजचंच झालं.

"चहा झाकून ठेवलाय, घ्या हं," असं म्हणून त्या पिशवी उचलायच्या.

झाकून ठेवलेला चहा कधी प्यायलात का? त्याला झाकणाची चव लागते. त्रिंबकराव एकटेच दगडावर बसायचे. गार वारा सुटायचा. 'हं' म्हणायला कुणी नसायचं. एकदा तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर गेला असेल असं त्यांनी स्वतःला सांगितलं. चूल विझलेली होती.

'तिला चॉकलेट-कॉफीच हवी ना?' त्रिंबकरावांनी ठरवलं. 'मग मी करतो. घरच्या घरी. त्या उदमांजराच्या तोंडात मारेल अशी!'

बायको रोज का जाते, हे बायकोलाच विचारणं हाही एक मार्ग होता. पण तो फारच सोपा असल्यामुळे त्यांना सुचला नाही. मलाही सुचला नसता.

त्यांनी मोबाईल काढला. त्यावर एक पोपट पाककृती शिकवायचा.

"नमस्कार मित्रांनो!" पोपट म्हणाला. "आज आपण घरात असलेल्याच साहित्यातून मस्त मोका करणार आहोत." आणि त्याने एकामागून एक अशा वस्तू दाखवल्या, ज्या जंगलात कुणाच्याच घरात नव्हत्या.

त्रिंबकराव डगमगले नाहीत. कोको आणि चॉकलेट त्यांनी माकडाच्या दुकानातून आणलं. दूध रानम्हशीकडून आणलं. फेस काढायच्या यंत्राऐवजी ताक घुसळायची रवी घेतली आणि ते कामाला लागले.

काय सांगू मुलांनो! एका पातेल्यात कॉफी उकळली. दुसऱ्यात दूध. चॉकलेट वितळवायला तिसरं पातेलं, ते चौथ्यात पाणी घालून त्यावर ठेवलेलं. चॉकलेट किसायला किसणी, त्यात थोडं नखही किसलं गेलं. कोको चाळायला पिठाची चाळणी. कॉफी गाळायला गाळणं, मग ते तुंबलं म्हणून दुसरं गाळणं. ढवळायला डाव. चाखायला चमचा. पुन्हा चाखायला दुसरा चमचा, कारण आपण स्वच्छतेचे भोक्ते. मग उभी रवी पंज्यात धरून गरगर फिरवली. फेस आला. भिंतीवर आला, चुलीवर आला, कपाळावर आला. थोडासा कपातही आला.

"अगं, ये ये! आज बाहेर नाही जायचं! बघ काय केलंय!"

कुमुदबाई आल्या. बसायला जागा नव्हती म्हणून उभ्यानेच प्यायल्या.

"कसं झालंय?"

"छान झालंय."

"खरं सांग."

"खरंच छान."

"फेस?"

"फेसही छान."

"थोडा दाट हवा होता ना? मला वाटलंच. उद्या बघ!"

त्रिंबकराव खुशीत बाहेर दगडावर जाऊन बसले. आता ती येईल, बसेल, मग आपण फेसाबद्दल सविस्तर बोलू, असा त्यांचा बेत होता. कुमुदबाई टोपली भरून भांडी घेऊन झऱ्यावर गेल्या. परत येईपर्यंत चांगलंच अंधारलं होतं.

पुरुषाने हौसेने काही रांधलं की घरातली सगळी भांडी बाहेर येतात. लग्नात आलेली, कधीच न वापरलेलीसुद्धा येतात. जंगलाचा हा कायदा आहे. आमच्या गल्लीतही तोच चालतो.

दुसऱ्या दिवशी फेस दाट झाला. पुढे वेलदोडा घालून झाला, जायफळ घालून झालं, गूळ घालून झाला. रोज "कसं झालंय?" आणि रोज "छान". रोज टोपली आणि रोज झरा. त्रिंबकरावांना कळेना. बायको घरी तर थांबत होती, पण दगडावर काही येत नव्हती. याचा अर्थ एकच, कॉफीत अजून काहीतरी कमी आहे!

एके दिवशी पोपट म्हणाला, "मित्रांनो, दुधात साय असेल तर मोका काय लागतो म्हणून सांगू!"

त्रिंबकरावांनी चुटकी वाजवली. गुहेच्या थंड कोपऱ्यात कुमुदबाईंचं सायीचं भांडं होतं. रोजची साय काढून त्यांनी ते काठोकाठ भरत आणलं होतं. लेक थोरल्या डोंगरावरून बाळंतपणाला यायची होती, तिच्यासाठी घरचं तूप कढवायचं होतं. त्रिंबकरावांनी सगळी साय उकळत्या कॉफीत ओतली.

सायीला विरजण लावलेलं होतं. तुमच्या आईला विचारा, ती कपाळाला हात लावेल. त्रिंबकरावांना मात्र साय म्हणजे साय एवढंच ठाऊक होतं. पातेल्यात वर चॉकलेटी पाणी आणि खाली चॉकलेटी गोळे झाले. त्यांनी रवी फिरवली, तर गोळे आणखी बारीक झाले.

कुमुदबाई आत आल्या. त्यांनी पातेलं पाहिलं. मग रिकामं भांडं पाहिलं.

"माझी साय?"

"ती... कॉफीत आहे."

"सगळी?"

"अगं, पोपट म्हणाला..."

कुमुदबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. टाकायचं कसं, शेवटी अन्न आहे, म्हणून त्यांनी त्या फाटलेल्या मोक्यात भाजणी भिजवली आणि थालीपिठं लावली. दोघांनी ती मुकाट्याने खाल्ली. मग कुमुदबाईंनी भांडी घासली, पिशवी उचलली, आणि एवढंच म्हणाल्या, "मी जाऊन येते."

आता ही परत आपल्यासोबत बसत नाही, असं त्रिंबकरावांना वाटलं. ते कुमुदबाईंच्या मागोमाग गेले आणि कॉफीघराजवळच्या करवंदीच्या जाळीमागे लपले.

"अय्या, त्रिंबकभाऊजी!" साळूबाई ओरडली. "पोट दिसतंय हो बाहेर!"

झालं. लपणं संपलं. साळूबाई शहाणी, ती उठून दुसऱ्या दगडावर गेली. त्रिंबकराव खाली मान घालून कुमुदबाईंसमोर बसले. उदमांजराने त्यांच्यापुढेही एक कप आदळला. त्यांनी घोट घेतला आणि त्यांचे कान ताठ झाले.

"अगं, हे काय? निव्वळ पाणी! भुकटी वर तरंगतेय. फेस तर औषधाला नाही."

"माहितीये."

"तुला हे आवडतं?"

"मुळीच नाही. काढ्यासारखं लागतं."

"मग रोज का येतेस बाई?"

कुमुदबाईंनी कप खाली ठेवला. "इथे मी बसते. कुणीतरी आणून देतं. मी पिते, कप तिथेच ठेवते आणि उठते. तुम्ही आपल्या दगडावर बसायचात ना, तशी मी इथे बसते."

त्रिंबकरावांनी तो काढा आणखी एक घोट प्यायला.

"मला वाटलं," शेवटी ते म्हणाले, "तुला माझ्यासोबत बसायचा कंटाळा आला. तू नसलीस ना, की मला त्या दगडावर करमत नाही गं."

"अहो, मी तुमच्यासोबत बसले कधी?" कुमुदबाई म्हणाल्या. "तुमचा चहा संपेपर्यंत टेकायचे. एक कान चुलीकडे असायचा. करमत नाही हे बोललात मात्र आज, एवढ्या वर्षांनी. बरं वाटलं ऐकून."

दुसऱ्या दिवशी त्रिंबकराव टोपली घेऊन स्वतः झऱ्यावर गेले. खरंच गेले! इथे गोष्ट संपवली तर तुमच्या शाळेच्या पुस्तकात येईल. पण मला मेल्याला वेळेवर थांबता कुठे येतं?

त्रिंबकराव राखेने पातेलं घासत होते, तेवढ्यात साळूबाई पाणी भरायला आली. ती किंचाळली. हातातली घागर तिने सोडून दिली आणि फोटो काढला. 'वहिनींनी नशीब काढलं हो!' असं लिहून तो तिने जंगलभर पाठवला.

दुपारपर्यंत जंगल ढवळून निघालं. चितळ रडले. वाघाने फोटोला अंगठा दिला. माकडाने दुकानावर फोटो लावला. हत्तीदादा जंगल मित्र मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी तातडीची सभा घेतली आणि त्रिंबकरावांना 'आदर्श पती' म्हणून गौरवायचं ठरवलं. समारंभ लगेच पुढच्या संध्याकाळी, सत्कारमूर्तींच्याच गुहेसमोर.

"नको हो, कशाला?" त्रिंबकराव म्हणाले. आणि ते अंगावरचे केस विंचरायला गेले.

दगडावर सतरंजी अंथरली गेली. हत्तीदादांनी अस्वलाला शाल पांघरली. केसांमुळे आधीच उकडत होतं ते आणखी उकडू लागलं. नारळ दिला. मग हत्तीदादा बोलले.

"मंडळी, एका पुरुषाने पातेलं घासलं! हाताने! कोणतीही सक्ती नसताना! जंगलाच्या इतिहासात..."

टाळ्या झाल्या. त्रिंबकराव विनयाने खाली बघत राहिले. टाळ्या कमी झाल्या की हळूच वर बघायचे. पाठोपाठ त्यांनीही भाषण केलं. त्यात कष्ट होते, समता होती आणि राखेपेक्षा नारळाच्या शेंड्या बऱ्या, असा अनुभवाचा मुद्दाही होता. पातेलं मात्र आजवर त्यांनी एकदाच घासलं होतं.

"वहिनी कुठायत? त्यांनाही बोलवा व्यासपीठावर!" कुणीतरी म्हणालं.

वहिनी आत होत्या. एवढ्या पाहुण्यांना काहीतरी गरम द्यायला नको का? त्या चॉकलेट-कॉफी करत होत्या. पोपटाला न विचारता, एकाच पातेल्यात. अशी झाली होती की वाघाने दोनदा मागून घेतली. सगळे म्हणाले, "वा! त्रिंबकरावांच्या हातची चवच न्यारी!" त्रिंबकराव पुन्हा विनयाने खाली बघू लागले.

मग सगळे गेले. दिवस मावळत आला होता. गार वारा सुटला. त्रिंबकराव शाल सावरत दगडावर बसले आणि त्यांनी हाक मारली, "अगं, ये ना. बस आता."

कुणी आलं नाही. ते आत डोकावले. कुमुदबाई नव्हत्या आणि पिशवीही नव्हती. दगडावर, गवतात, मुळांपाशी सगळीकडे उष्टे कप मात्र पडले होते.

त्रिंबकरावांनी एक कप उचलला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. साळूबाई दिसत नव्हती. झाडावर माकडही नव्हतं. फोटो काढायला कुणी म्हणजे कुणी नव्हतं. त्यांनी कप हळूच खाली ठेवला आणि ते शालीसकट जांभळीकडे निघाले.

कुमुदबाईंनी सरकून जागा करून दिली. उदमांजराने कप आदळला.

"झाला सत्कार?"

"झाला."

"आणि भांडी?"

त्रिंबकराव गोष्टीत राहणारे असले तरी खोटं बोलणारे नव्हते. "आज कुणी बघायला नव्हतं गं," ते म्हणाले.

कुमुदबाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की कॉफी नाकातून आली. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे तर कधीच कुणी बघत नव्हतं."

शाल काढून त्रिंबकरावांनी घडी केली आणि ती कुमुदबाईंना बसायला दिली. मग दोघांनी ती भिकार कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

तात्पर्य : भांडी घासणं हे फार मोठं पुण्य आहे. ते उजेडात, समोरून फोटो नीट येईल अशा जागी बसूनच करावं. मात्र संसार सुखाचा व्हावा असं वाटत असेल, तर कॉफी बाहेर प्यावी आणि घरी फक्त पाणी प्यावं, तेही ओंजळीने.