खरखरीची तक्रार

ठकी दुपारी दोनला झोपायची आणि साडेचारला उठायची. मधले अडीच तास तिच्या आईचे. ठकी नऊ महिन्यांची, आणि आई मुद्रितं तपासणारी, म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधणारी. आज शाळेच्या भूगोलाची शेवटची बावीस पानं उरली होती आणि पाच वाजता छापखान्याचा माणूस ती न्यायला येणार होता. मागच्या वेळी ठकीच्या दातांपायी दोन दिवस उशीर झाला, तेव्हा छापखान्याच्या बाई फोनवर नुसतं "बरं" म्हणाल्या होत्या. ते 'बरं' अजून तिच्या कानात होतं. आज पुन्हा उशीर झाला, तर पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जाणार, हे तिला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

पावणेदोनला ती ठकीला भरवून बाहेर आली, तर अर्ध्या दिवसाची रजा टाकून नवरा घरी हजर. कपाटावर रेडिओच्या जागी एक चपटा काळा डबा, त्यावर निळे आकडे.

"हे काय?"

"डिजिटल स्टीरिओ ट्यूनर. चाळीस केंद्रं लक्षात ठेवतो. दुपारी फोन केला की तुझ्यामागे रोज ती खरखर. किती दिवस सोसणार तू? मला ऐकवत नव्हतं."

"आणि जुना रेडिओ?"

"भंगारवाल्याला दिला. त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत उभा होतो मी."

ती हळूच खुर्चीत बसली. नवऱ्याने इतक्या प्रेमाने केलेल्या गोष्टीवर रागवायचं कसं, हे तिला कळेना. "अरे, ती खरखर माझ्यासाठी नव्हती. ठकी झोपते त्यावर."

ठकी दीड महिन्यांची असताना जुन्या रेडिओचं बटण दोन केंद्रांच्या मधोमध अडकलं होतं आणि त्या आवाजावर पोरीने डोळे मिटले होते. तेव्हापासून कुणी त्या बटणाला बोट लावलं नव्हतं. नवरा कामाच्या दिवशी दुपारी घरी नसायचा आणि सुट्टीच्या दिवशी ठकी त्याच्या खांद्यावर झोपायची. त्याला कसं कळणार?

"एवढंच ना," तो म्हणाला. "यावर लावू की खरखर."

त्याने बटण दाबलं. आकडे सरसर चढले, मधली सगळी मोकळी जागा ओलांडली आणि पुढच्या केंद्रावर जाऊन थांबले. तिथे एक बाई केस गळण्याबद्दल बोलत होती. पुन्हा दाबलं. तिथे एक गृहस्थ वाहतुकीबद्दल हळहळत होते. खरखरीच्या जागेवर तो डबा पायच ठेवत नव्हता. मग नवऱ्याने मागची एरियलची वायर उपसून काढली. डबा ठार गप्प झाला. 'सिग्नल नाही' एवढं लिहून निळ्या डोळ्यांनी बघत बसला.

ठकीही पाळण्यातून तशीच बघत होती.

आतल्या खोलीतून सासूबाई आल्या. "मी करते खरखर," म्हणाल्या आणि दात-ओठ जुळवून त्यांनी आवाज काढायला सुरुवात केली. अर्ध्या मिनिटात त्यांना ठसका लागला. ठकी खळखळून हसली. मग त्यांनी न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडला. नवऱ्याने ताटात तांदूळ घेऊन ते गोल गोल फिरवले. ठकीने पाळण्याचा कठडा धरून उभं राहायला घेतलं. असा खेळ तिला आजवर कुणी दाखवला नव्हता. सव्वातीन वाजले. टाकी रिकामी झाली, तांदूळ अर्धे जमिनीवर गेले, आणि भूगोल तिसऱ्या पानाच्या पुढे सरकला नव्हता.

"दुकानात फोन लाव," ती म्हणाली. आवाज शांत होता, म्हणून नवरा घाबरला. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"ट्यूनर आजच नेलाय. खरखरीची तक्रार आहे," तो म्हणाला.

"फार येतेय का हो?"

"अजिबात येत नाहीये."

"मग उत्तम."

"उत्तम कसलं? मला खरखर हवीये."

"साहेब, ती घालवायला कंपनीने इतकी वर्षं घालवली."

"त्यांना सांगा, माझी मुलगी झोपत नाहीये," सासूबाई मागून म्हणाल्या. "म्हणजे याची."

"पुस्तिकेत असेल बघा काहीतरी. स्टीरिओचं मोनो केलं की डब्याचं खरखर दाबणं बंद होतं. शेवटाकडे कुठेतरी आहे," दुकानदार म्हणाला आणि त्याने घाईने फोन ठेवला.

शेवटाकडे म्हटल्यावर कुणीही शेवटाकडे उघडलं असतं. पण नवरा वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत होता. पहिलं पान वाचल्याशिवाय दुसरं उलटायचं नाही, हा त्याचा बारा वर्षांचा शिरस्ता. तो पाळण्याशेजारी मांडी घालून बसला आणि कचेरीत अहवाल वाचतात त्या आवाजात त्याने सुरुवात केली.

"वैशिष्ट्ये. एक. स्वयंचलित केंद्रशोध. दोन. चाळीस केंद्रांची स्मृती. तीन. वीज गेल्यास सदर स्मृती अबाधित राहील. चार. निद्रा-समयक, नव्वद, साठ, तीस व पंधरा मिनिटे..."

नवव्या वैशिष्ट्याला ठकी खाली बसली. अकराव्याला आडवी झाली. सतराव्याला तिची मूठ उघडली. सासूबाई सोफ्यावर बसल्या बसल्या केव्हाच झोपी गेल्या होत्या.

"सापडलं," नवरा कुजबुजला. "पान एकतीस. आता लावतो खरखर."

"डब्याला हात लावू नकोस," ती पानावरून मान वर न करता म्हणाली. "वाच."

त्याने दुरुस्तीचं प्रकरण वाचलं, हमीच्या अटी वाचल्या, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाचला पाच मिनिटं असताना तिने बाविसावं पान खाली ठेवलं. त्याचा घसा बसला होता.

"इतकं कंटाळवाणं वाचतो मी?" त्याने विचारलं.

"फार," तिने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला आणि कपाळावर आलेले त्याचे केस मागे सारले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला कचेरीतून नवऱ्याचा फोन आला. तिने तो पाळण्याजवळ ठेवला आणि नव्या पानांचा गठ्ठा उघडला. वीस मिनिटांनी पुस्तिकेचं वाचन थांबलं.

"झोपली का?"

"केव्हाच. अजून दोन पानं वाच ना, मला बरं वाटतं."

"नको," तो अगदी हळू म्हणाला. "इकडे शेजारच्या टेबलावरचे दोघं झोपी गेलेत, आणि साहेबांच्या केबिनचं दार उघडं आहे."

"मग?"

"तेही गेलेत."