टिपणिसांचा गोल फिल्टर

प्रभाकर टिपणिसांच्या फोटोंत आकाश नसायचं. म्हणजे आकाशाची जागा असायची, पण तिथे आकाश नसायचं. कर्नाळ्याचा सुळका, गाढी नदीचा काठ, भाताची खाचरं, खाली सगळं कसं झकास यायचं आणि वर मात्र नुकत्या धुतलेल्या चादरीसारखं पांढरंफटक. पाटबंधारे खात्यातले त्यांचे सहकारी भिडेखातर ‘वा, छान’ म्हणून अल्बम पुढे सरकवायचे. आशालताबाई मात्र पत्नीच असल्यामुळे त्यांना भीड नव्हती. अर्धा कागद कोराच ठेवायचा तर फोटो एवढा मोठा कशाला करून आणता, असं त्या दर वेळी विचारत.

यावर इलाज फिल्टरचा, असं स्टुडिओवाल्या काशीरामने सांगितलं. अर्धी काच रंगीत, अर्धी साधी. रंगीत अर्धं आकाशावर येतं, त्याचा झगझगाट कमी होतो, ढग दिसतात, आणि तंबाखूच्या रंगाचा फिल्टर घेतला तर भर दुपारीसुद्धा संध्याकाळ उतरते. पण हे फिल्टर दोन तऱ्हेचे. एक गोल, लेन्सच्या तोंडावर आट्यांनी झाकणासारखा फिरवून बसवायचा. दुसरा चौकोनी. त्यात लेन्सवर आधी कडी, कडीवर चौकट आणि चौकटीत काच, आणि ती काच हवी तशी वर-खाली सरकवता येते. गोल फिल्टरची रेघ कायम मधोमध. डोंगर उंच असो की बुटका, तुमचं क्षितिज मध्यावरच आलं पाहिजे.

“निसर्गाला काय माहीत तुमची रेघ कुठे आहे ते?” काशीराम म्हणाला. “साहेब, चौकोनीच घ्या.”

टिपणीस हे एका बैठकीत निर्णय घेणाऱ्यांपैकी नव्हते. घरातला पंखा घेताना त्यांनी एक अख्खा उन्हाळा घालवला होता. त्यांनी जेवणाच्या टेबलावर वाट्या आणि पत्त्यांचा कॅट मांडून दोन्ही तऱ्हांचा अभ्यास केला. कचेरीत तर दोन तट पडले. त्यांतल्या एकाकडेही कॅमेरा नव्हता, त्यामुळे वाद चांगला रंगला. शेवटी आशालताबाईंनीच निकाल लावला.

“त्या चौकोनीचे तुकडे किती?”

“तीन. कडी, चौकट आणि काच.”

“आपल्या घरात मिक्सरचं झाकण सहा महिने सापडलं नव्हतं. गोल घ्या.”

टिपणिसांनी फोर्टात जाऊन गोल फिल्टर आणला. मागच्या वर्षी कर्नाळ्यावर लेन्सची टोपी दरीत गेली होती, ते दुःख ताजं होतं. तेव्हा हा फिल्टर बसवताना त्यांनी दात-ओठ खाऊन असा काही आवळला, की बारा गावच्या वाऱ्यानेही सुटू नये. पहिला रोल धुऊन आला आणि काय सांगावं, आकाश आलं होतं! कर्नाळ्याच्या सुळक्यामागे सोनेरी, तांबूस, भरगच्च आकाश. टिपणीस आठवडाभर जमिनीवर नव्हतेच. फिल्टर काढून ठेवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. काढला तर हरवेल, हे घरचं मत होतंच.

इकडे मितालीचा साखरपुडा ठरला. मिताली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. मुलगा अपूर्व, बेलापूरला नोकरीला, सालस. सगळं जुळलेलं होतं, फक्त दाजी रुसले होते.

दाजी हे अपूर्वच्या आजोबांचे धाकटे भाऊ. राहायला गव्हाणला. त्या घरात त्यांच्या होकाराशिवाय पापडही वाळत घालत नसत. त्यांचं म्हणणं एकच, आपल्या घराण्यात साखरपुडा असो की लग्न, गोरज मुहूर्तावरच. गाई घरी परततात, धूळ उडते, दिवस कलतो, ती वेळ. पण पळस्पे फाट्याजवळचा हॉल संध्याकाळी आधीच कुणी तरी घेतलेला, सकाळचाच मिळाला. दाजींनी निरोप पाठवला की माध्यान्हीच्या उन्हात टिळा लावणाऱ्यांच्यात मी येणार नाही, आणि लग्नाच्या तारखेचं मला विचारूही नका. विहीणबाई रडकुंडीला आल्या. मग असं ठरलं, की समारंभाचे सुरेख फोटो काढायचे, अल्बम घेऊन गव्हाणला जायचं आणि म्हाताऱ्याचं मन वळवायचं. मुलं एकमेकांशेजारी कशी शोभतात ते डोळ्यांनी पाहिलं की विरघळतील, असं विहीणबाईंना वाटत होतं.

फोटो मुलीचे वडीलच काढणार होते. लग्नसराईत पनवेलचा एकूण एक फोटोग्राफर गुंतलेला होता. आशालताबाईंनी मात्र नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, की यात घोटाळा झाला तर कॅमेरा माळ्यावर जाईल आणि पुन्हा खाली उतरणार नाही. त्या बोलल्या म्हणजे करत, हे टिपणिसांना बावीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

आदल्या दिवशी दुपारी टिपणीस फिल्टर काढायला बसले. फिल्टर निघेना. रुमाल लावून झाला, मिक्सरच्या भांड्याचं रबर लावून झालं. शेजारच्यांनी सुचवलं म्हणून कॅमेऱ्याला घटकाभर फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी बसवलं. घट्ट बसलेली बांगडी साबणाने निघते या न्यायाने आशालताबाई साबण घेऊन आल्या, तेव्हा टिपणिसांनी कॅमेरा छातीशी धरला. शेवटी धीर सुटून त्यांनी सांडशी लावली. सांडशीने कडी चेपली आणि मग तर फिल्टर लेन्सच्या जन्माचा सोबती झाला. काशीरामकडे धावले, तर त्याचे दोन्ही कॅमेरे लग्नांना गेलेले. कडी कापून काढावी लागेल, चार दिवस ठेवा, म्हणाला.

“मी तेव्हाच म्हणत होते,” आशालताबाई म्हणाल्या, “चौकोनी घ्या.”

टिपणिसांनी तोंड उघडलं आणि मिटलं. संसार असाच टिकतो.

आता प्रश्न असा, की काचेचं वरचं अर्धं तंबाखूच्या रंगाचं. माणसांचे फोटो काढले तर सगळ्यांची डोकी त्या रंगात जाणार. दाजींना वाटेल मुलीकडच्यांना कावीळ झालीय. टिपणिसांनी बराच विचार केला आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. कॅमेराच उलटा धरला तर? रंग खाली जाईल, तोंडं स्वच्छ येतील! आशालताबाईंनाही हे पटलं. कुणाला काही सांगायचं नाही, आणि तोंडं तेवढी नीट आली पाहिजेत, एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मुलीचे वडील कॅमेरा उलटा धरून, फ्लॅश हनुवटीखाली लोंबकळवत आणि अंगठ्याने बटण दाबत फिरताना दिसले. भटजींचं मंत्रांतलं लक्ष उडालं. मुलाकडचे आपसांत कुजबुजू लागले. शेवटी अपूर्वचे मामा धर्मराज पुढे झाले. त्यांच्याकडे छोटा, बोटाने दाबायचा कॅमेरा होता आणि तेही फोटो काढायला सरसावले होते.

“टिपणीससाहेब, हे उलटं कशासाठी?”

टिपणिसांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यामुळे जे सुचलं ते फारच जोरदार निघालं. “परदेशात आता असंच काढतात,” ते म्हणाले.

झालं! धर्मराजमामा पनवेलमध्ये कुठल्याही बाबतीत मागे राहणारे नव्हते. त्यांनीही कॅमेरा उलटा केला आणि पुढचा सगळा साखरपुडा तसाच टिपला. ओटी भरणं, अंगठी, पेढा, काही सोडलं नाही. टिपणिसांना मनातून बरं वाटलं, की चला, आपले चुकले तरी मामांचे आहेत.

कार्य छान पार पडलं. भर दुपारी मंडळी निघाली, मिनीबस सुरू झाली आणि पन्नास पावलांवर अडली. रस्त्यात म्हशी बसल्या होत्या. त्यांचा मालक दादू कडेला बिडी ओढत उभा होता. ड्रायव्हरने हॉर्नवर हॉर्न दिले.

“उटतील ना,” दादू म्हणाला. “त्यांना कुटं जायाचं हाय?”

तेवढ्यात मंडळी पुन्हा खाली उतरली. विहीणबाई शालू सावरत, अपूर्व आणि मिताली जरा बाजूला एकमेकांशी बोलत, मामा म्हशींना उपदेश करत. म्हशी उठल्या, चालू लागल्या, त्यांच्यामागे बस हलली आणि कच्च्या रस्त्यावर ही धूळ उडाली. मागे लांबवर कर्नाळ्याचा सुळका. टिपणिसांच्या रोलमध्ये एक फोटो उरला होता. दमलेल्या माणसाचे हात सवयीवर चालतात. त्यांनी कॅमेरा सुलटा धरला आणि बटण दाबलं.

फोटो धुऊन आले त्या संध्याकाळी टिपणिसांच्या घरात कुणी जेवलं नाही. तोंडं स्वच्छ होती, पण प्रत्येकाच्या हनुवटीखालून उजेड आल्यामुळे सगळे कुणाला तरी घाबरवायला निघाल्यासारखे दिसत होते. मागच्या भिंतीवर सावल्या छतापर्यंत चढल्या होत्या. आणि गळ्याखाली सारं काही तंबाखूच्या रंगाचं. पैठणी, शालू, मितालीची मोरपिशी साडी, सगळ्या एका चहाच्या पातेल्यातून काढल्यासारख्या.

“विहीणबाईंचा शालू कुठाय यात?” आशालताबाई म्हणाल्या. “तोंडं काय, रोजच दिसतात.”

धर्मराजमामांच्या फोटोंचा आधार होता, तोही गेला. छोटा कॅमेरा उलटा धरल्यावर त्याचा पट्टा लेन्ससमोर लोंबत राहिला होता. छत्तीस फोटोंत छत्तीस पट्टे. मिताली फोटो एकेक करून पाहत राहिली आणि मग उठून आत गेली. ते मात्र टिपणिसांच्या काळजाला लागलं. त्यांनी स्वतःच स्टूल आणलं, कॅमेरा पिशवीत घातला आणि माळ्यावर ठेवून दिला. आशालताबाईंना सांगावंसुद्धा लागलं नाही.

पण गव्हाणला तर जायलाच हवं होतं, शब्द गेलेला. रविवारी दोन्हीकडची मंडळी दाजींच्या ओटीवर जाऊन बसली. दाजी खुर्चीत ताठ. त्यांनी चष्मा लावला आणि अल्बम उघडला. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मधेच एकदा थांबून त्यांनी विचारलं, की हॉलमध्ये जमिनीला आग लागली होती काय. विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावायची तयारी केली होती. दाजी पानं उलटत, म्हशींचा म्हणून घरी कुणी धड न पाहिलेल्या शेवटच्या फोटोपाशी आले आणि थांबले.

त्या फोटोत आकाश होतं. सोनेरी, तांबूस, कर्नाळ्याच्या सुळक्यामागे कललेलं. त्याखाली धूळ, धुळीतून घरी निघालेल्या म्हशी, आणि पुढे उजेडात सगळी माणसं. शालू जांभळाच्या जांभळा. मोरपिशी साडीतली मिताली अपूर्वकडे बघून हसत होती, आणि दोघांनाही फोटो निघतोय याचा पत्ता नव्हता.

दाजींनी अल्बम डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

“हा दुपारचाच ना?” त्यांनी विचारलं. “सावल्या पायाखाली आहेत. म्हाताऱ्याला फसवाल असं वाटलं काय?”

आता खरं काय ते सांगून मोकळं व्हावं, फिल्टर, सांडशी, सगळं, म्हणून टिपणीस पुढे सरकले. “दाजी, त्याचं असं झालं, की माझा...” एवढ्यात आशालताबाईंनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला, की वाक्य तिथेच संपलं.

“मी आलो नाही,” दाजी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “हट्ट धरून बसलो. आणि तुम्ही माझ्यासाठी भर दुपारी गोरज आणलात. म्हशीसुद्धा आणल्यात.” त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. “एवढं कोण करतं हो आजकाल?”

विहीणबाई सावध बाई होत्या. म्हणाल्या, तुमच्याशिवाय आम्हाला आहे कोण. अपूर्व आणि मिताली दोघंही वाकून पाया पडले. दाजींनी तिथल्या तिथे पंचांग मागवलं आणि लग्नाची तारीख काढली. मुहूर्त अर्थातच गोरज, आणि हॉल मी स्वतः बघतो, म्हणाले. तो फोटो मोठा करून त्यांना ओटीवर लावायला हवा होता. आणि लग्नाचे फोटो व्याह्यांनीच काढायचे, दुसरा कुणी चालणार नाही.

“याच कॅमेऱ्यानं,” दाजींनी बजावलं. “यातली जादू काढू नका.”

येताना एस.टी.त टिपणीस खिडकीजवळ बसले होते. खऱ्या गोरजाला, दिवस मावळताना, त्या फिल्टरमधून सगळ्यांच्या डोक्यांवर काळोख येणार होता. दाजींची जादू कापून काढायची नसेल तर दुसरी लेन्स आणल्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि तिच्यासाठी काशीरामला विचारून चौकोनी चौकटही. हे आशालताबाईंना कसं सांगावं, याची ते मनात जुळवाजुळव करत होते. पण मितालीने मागच्या बाकावरून वाकून, बाबा, त्या फोटोची एक प्रत मलाही हवी, असं सांगितलं, तेव्हा त्यांचा ऊर इतका भरून आला की लेन्सचं विसरूनच गेले.

घरी पोचल्यावर आशालताबाईंनी पदर खोचला, स्टूल ओढलं आणि माळ्यावरून कॅमेऱ्याची पिशवी स्वतः खाली काढली. तिच्यावरची धूळ झटकली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

“तरी बरं,” त्या म्हणाल्या, “मी तेव्हाच म्हटलं होतं, गोल घ्या.”