पायाळूची लाथ

चंद्रकांताचा पाय मुरगळला तो बुधवारी सकाळी, ओटा उतरताना. सोमवारी तिची पालघरला स्कूटरच्या लायसन्सची परीक्षा होती. शिकाऊ लायसन्सची मुदत मंगळवारी संपत होती, आणि बावन्नाव्या वर्षी सगळं पुन्हा पहिल्यापासून करायची तिची तयारी नव्हती.

"हाड शाबूत आहे," चिंचणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन दिवस बर्फ, पट्टी, पाय उशीवर. शेकायचं नाही, चोळायचं नाही. आणि उगाच उठायचं तर अजिबात नाही. मग सोमवारचं बघू."

ती घरी पोचली तर शेजारच्या मंजुळाकाकू गरम तेलाची वाटी घेऊन ओट्यावर हजर.

"काकू, चोळायचं नाय सांगितलंय."

"बर्फानं वात धरतो, बाय. बरं, च्या ठेव, बोलू या."

चंद्रकांतानं लंगडत चहा ठेवला. आजाऱ्याला बघायला आलेल्या माणसाला कोरडं पाठवायची रीत गावात नव्हती, आणि चहा दुसऱ्या कुणी ठेवायची रीत त्या घरात नव्हती. दुपारपर्यंत सात जण "आराम कर गो" सांगून, चहा पिऊन गेले. घोटा दुधीभोपळ्याएवढा झाला.

संध्याकाळी नवरा, पुंडलिक, चिकूच्या वाडीतून आला. पुंडलिक पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसानं हलकी लाथ मारली की कंबरेत भरलेली उसण जाते, असं गाव मानत होतं. तारापूरहून माणसं येऊन त्याच्या दारात पाठ वाकवून उभी राहत. अंगात दुसरी काही कला नसल्यानं पुंडलिकला या लाथेचा फार अभिमान.

"डॉक्टरकडं कशाला गेलीस? घरात मी हाय ना."

"अहो, ते कंबरेला. हा घोटा हाय."

"लाथ ती लाथ. पाय पुढं कर."

"नको म्हणते ना."

पुंडलिकनं खाटेच्या उंचीपर्यंत पाय उचलला. चंद्रकांतानं आपला पाय चटकन मागे ओढला. लाथ हवेत गेली, पाठीत कुठंतरी कट्ट झालं, आणि पुंडलिक कोयत्यासारखा वाकून तिथंच राहिला.

"काय झालं?"

"काय नाय." मग तो हळूच म्हणाला, "उसण भरली."

"मग आता?"

"आता काय. माझी मलाच लाथ कशी मारणार?"

"मी मारते. पाय तेवढा बरा होऊ दे."

"चंद्रे, कुणाला बोलू नको हं. पायाळूला उसण भरली कळलं, तर गाव तोंडावर हसंल."

चंद्रकांतानं आपल्या घोट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "नाय बोलणार. पण उद्यापासून च्या तुमी ठेवायचा."

दुसऱ्या दिवशी पुंडलिक बनियनच्या आत पंचा आवळून स्वयंपाकघरात उभा राहिला. साखरेचा डबा खालच्या फळीवर होता आणि त्याला वाकता येत नव्हतं. मंजुळाकाकूंनी एक घोट घेतला, कप ठेवला आणि "बायकोची सेवा करतोय हो" म्हणत निघून गेल्या. शुक्रवारी कुणीच आलं नाही. चंद्रकांतानं लग्नानंतर प्रथमच दुपारी पाय वर करून झोप काढली.

कुणीच नाही म्हणजे, गावातला केतन तेवढा आला. करंड्या उचलताना उसण भरलेली, पाठ वाकवून दारात उभा. "भाऊ, मारा."

पुंडलिकचा पाय टीचभरही उचलेना. घाम फुटला. खाटेवरून चंद्रकांता म्हणाली, "ते आता एकदम पाय लावत नाय. आधी दोन दिवस बर्फ लाव, जड उचलू नको. मग ये."

रविवारी केतन ताठ चालत आला, डझनभर शहाळी घेऊन. "भाऊ, तुमी नुसतं बघितलंत आणि उतरली."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत तारापूरला पोचली.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी घोटा वळवून पाहिला आणि मान डोलावली. शिकाऊ माणसामागे लायसन्सवाला लागतो, म्हणून पुंडलिक पंचा आवळून मागे बसला. वाटेतला प्रत्येक खड्डा चंद्रकांतानं हळुवार चुकवला. परीक्षेत तिनं आठचा आकडा एकदाही पाय न टेकता काढला.

परत येताना पुंडलिक म्हणाला, "काय पण म्हण, त्या दिवशी मी लाथ उगारली, तिचाच हा गुण."

पुढचा खड्डा मात्र चंद्रकांतानं चुकवला नाही.